भेगांची पारख शिकविणारे डॉ. जयकृष्ण

वाशिम, प्रतिनिधी

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ च्या सकाळी रिश्टर मापनावर ४.५ नोंद झालेले भूकंप झाले. त्यांचे हादरे वाशिम जिल्ह्यातही जाणवले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही आणि चार दिवसांत लोक पुन्हा आपापल्या कामाला लागले. तरीही अशा प्रत्येक हादऱ्यानंतर गावोगावी एक प्रश्न शिल्लक राहतो. शाळेच्या किंवा घराच्या भिंतीला दिसणारी भेग आजची आहे की जुनी? आणि त्या छताखाली आज रात्री झोपावे की नाही?

प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. चुकीने दिलेला दिलासा पुढच्या धक्क्यात जीव घेऊ शकतो आणि चुकीने दिलेला इशारा एखाद्या कुटुंबाला विनाकारण उघड्यावर आणतो. हे उत्तर देण्यासाठी अभियंत्याला खास शिक्षण लागते. भारतात या शिक्षणाची पद्धतशीर सुरुवात ज्यांनी केली, ते डॉ. जयकृष्ण भूकंप अभियांत्रिकीचे भारतातील जनक म्हणून ओळखले जातात. स्थापत्य अभियंत्यांच्या जुन्या पिढीला त्यांचे नाव प्रबलित काँक्रीटवरील पाठ्यपुस्तकामुळे परिचित आहे. प्रा. ओ. पी. जैन यांच्यासह लिहिलेल्या या ग्रंथावर अनेक अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. मात्र त्यांचे खरे जीवितकार्य त्या पुस्तकाहून वेगळे होते.

दोन महाभूकंपांचा काळ

जयकृष्ण यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर येथे झाला. तेथून जवळच असलेल्या रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतले. गंगेच्या कालव्याच्या बांधकामासाठी अभियंते हवेत, या गरजेतून १८४७ मध्ये सुरू झालेले हे देशातील सर्वांत जुने अभियांत्रिकी महाविद्यालय होय. १९३५ मध्ये ते तेथून पदवीधर झाले.

त्यांच्या शिक्षणाचा काळ आणि उपखंडातील दोन मोठ्या भूकंपांचा काळ एकच होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये महाभूकंप झाला. ३१ मे १९३५ रोजी बलुचिस्तानातील क्वेट्टा शहर काही क्षणांत मातीमोल झाले आणि तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या विध्वंसात एक गोष्ट मात्र अभियंत्यांच्या नजरेतून सुटली नाही. १९३१ च्या भूकंपानंतर एस. एल. कुमार या रेल्वे अभियंत्याने क्वेट्टा येथे भूकंपाचा विचार करून काही निवासस्थाने बांधली होती. शहर कोसळले, पण ही घरे टिकली. घर पडणे हा केवळ दैवाचा भाग नसून बांधणीचाही भाग आहे, याचा तो पुरावा होता. तरीही या अनुभवाचे शिक्षणात रूपांतर झाले नाही. पुढची दोन दशके अभियांत्रिकीचा विद्यार्थी वारा, पाणी आणि वजन यांचे गणित शिकत राहिला. जमीन हलल्यावर इमारतीचे काय होते, हा विषय अभ्यासक्रमाच्या बाहेरच राहिला.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस जयकृष्ण रुरकीतच अध्यापक झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या महाविद्यालयाचे विद्यापीठात रूपांतर झाले. जयकृष्ण यांनी १९५४ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. दरम्यान १५ ऑगस्ट १९५० रोजी आसामचा प्रचंड भूकंप झाला होता. देशात भाक्रासारखी धरणे उभी राहत होती आणि हिमालयाच्या पायथ्याशी नवी शहरे, पूल व वीज केंद्रे आखली जात होती. या सर्वांना भूकंपाचा धक्का बसल्यास काय होईल, हे सांगू शकणारे अभियंते देशात बोटांवर मोजण्याइतकेच होते.

प्रशिक्षणासाठी संस्था

१९५० च्या दशकाच्या मध्यास जयकृष्ण अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले. तेथे जॉर्ज हाउसनर आणि डोनाल्ड हडसन हे प्राध्यापक भूकंपात इमारतींच्या होणाऱ्या हालचालीचे गणित मांडत होते. मायदेशी परतल्यावर जयकृष्ण यांनी या विषयाला वाहून घेतले. हडसन यांनीही रुरकीला येऊन या कामाला हातभार लावला. फेब्रुवारी १९५९ मध्ये रुरकी येथे भूकंप अभियांत्रिकीवरील देशातील पहिला परिसंवाद भरला आणि १९६० मध्ये तेथे स्वतंत्र संस्था सुरू झाली. तिचे नाव होते स्कूल ऑफ रिसर्च अँड ट्रेनिंग इन अर्थक्वेक इंजिनिअरिंग. नावात संशोधनाच्या जोडीला प्रशिक्षण हा शब्द होता आणि त्यातूनच संस्थेचा हेतू स्पष्ट होतो. नवे ज्ञान निर्माण करून ते प्रबंधात ठेवायचे नव्हते. ते सार्वजनिक बांधकाम खाते, पाटबंधारे, रेल्वे आणि वीज मंडळांतील अभियंत्यांपर्यंत पोहोचवायचे होते. जयकृष्ण १९७१ पर्यंत या संस्थेचे संचालक होते.

पुढच्या टप्प्यावर त्यांनी या ज्ञानाला नियमांचे रूप देण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. भूकंपरोधक रचनेसाठी भारतीय मानक क्रमांक १८९३ प्रथम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इंडियन सोसायटी ऑफ अर्थक्वेक टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली आणि जयकृष्ण तिचे पहिले अध्यक्ष झाले. सामान्य इमारतींच्या बांधकामासाठी मानक क्रमांक ४३२६ हे १९६७ मध्ये आले. दोन्ही मानके पुढे अनेकदा सुधारण्यात आली, पण देशातील भूकंपरोधक बांधकामाचा पाया त्यांनीच घातला.

वीटकामाच्या घराचा विचार

जयकृष्ण यांचे मोठेपण केवळ धरणांच्या गणितात नव्हते. भारतातील बहुसंख्य लोक विटा, दगड आणि मातीच्या घरांत राहतात, याचे भान त्यांच्या संशोधनात दिसते. प्रा. ब्रिजेशचंद्र यांच्यासह त्यांनी वीटकामाच्या इमारती कमी खर्चात कशा बळकट करता येतील, याचा अभ्यास केला. जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या आणि छताच्या पातळीवर घराभोवती सलग फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा आणि भिंतींच्या कोपऱ्यांत उभ्या सळया हे त्यावरचे उत्तर होते. चार भिंती एकमेकींपासून सुटल्या की घर कोसळते. त्या एकत्र बांधल्या गेल्या तर भेगा पडल्या तरी घर उभे राहते, हे त्यामागचे तत्त्व होय. पेटी दोरीने आवळून बांधावी, तसाच हा प्रकार.

या तत्त्वाची परीक्षा घेण्यासाठी रुरकीत पुढे रेल्वेच्या वाघिणीचा उपयोग करण्यात आला. रुळांवरील वाघिणीवर लहान आकाराच्या खोल्या बांधून त्या वाघिणीला दुसऱ्या वाघिणींची धडक दिली जाई. ज्या खोल्यांना पट्टे नसत त्यांच्या भिंती सुटून पडत. ज्यांना पट्टे असत त्यांना भेगा जात, पण त्या उभ्या राहत. महागडी परदेशी यंत्रे परवडत नसताना केलेली ही सोय होती. प्रा. ए. आर. चंद्रशेखरन यांच्यासह जयकृष्ण यांनी तयार केलेले भूकंपनोंदणीचे साधे उपकरणही याच वृत्तीचे होते. वेगवेगळ्या इमारतींप्रमाणे डोलणारे लंबक धुराने काळ्या केलेल्या काचेवर ओरखडा उमटवीत आणि त्या ओरखड्यावरून इमारती किती हलल्या असतील याचा अंदाज बांधता येई. असे उपकरण स्वस्त असल्याने ते अनेक ठिकाणी बसविणे शक्य होते.

कोयनेची कसोटी

महाराष्ट्राशी जयकृष्ण यांचा संबंध आला तो कोयनेमुळे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसर सहापेक्षा अधिक रिश्टरच्या भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा मोडकळीस आली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानण्याची तेव्हा पद्धत होती. हा समज एका पहाटेत मोडला.

सर्वांच्या नजरा १०३ मीटर उंचीच्या धरणाकडे लागल्या होत्या. धरण फुटले नाही, मात्र त्याच्या उंच भागाला आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या मागील उताराची ढब जेथे बदलते, त्याच पातळीच्या आसपास या भेगा होत्या. धरणाच्या आतील बोगद्यात बसविलेल्या यंत्राने त्या पहाटेची जमिनीची हालचाल टिपली होती. धरणाची आखणी करताना गुरुत्वीय त्वरणाच्या अवघ्या ५ टक्के आडव्या बलाचा विचार केला होता. यंत्राने एका दिशेला सुमारे ६३ टक्क्यांची नोंद केली. जयकृष्ण, चंद्रशेखरन आणि एस. एस. सैनी यांनी या नोंदीचे विश्लेषण करून १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या भूकंपशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. धरणाच्या भेगा भरून घेण्यात आल्या, ते ताणलेल्या पोलादी तारांनी आवळण्यात आले आणि पुढे उंच भागाला मागून भक्कम काँक्रीटचा आधार देण्यात आला. तेच धरण आजही उभे आहे. कोयनेची ती नोंद जगभरातील धरण अभियंत्यांनी अभ्यासली.

कोयनेने देशाचा भूकंपनकाशाही बदलला. १९७० मध्ये मानक क्रमांक १८९३ ची नवी आवृत्ती आली आणि सात विभागांऐवजी पाच विभाग करण्यात आले. नकाशा हे अंतिम सत्य नसून तोपर्यंतच्या अनुभवाचा सारांश असतो, हा धडा त्यातून मिळाला. दुर्दैवाने तो धडा महाराष्ट्राला पुन्हा एकदा शिकावा लागणार होता.

भेग काय सांगते?

भूकंपाने झालेल्या नुकसानीची पाहणी करणाऱ्या अभियंत्याला नेमके काय शिकावे लागते, हे समजून घेतले तर जयकृष्ण यांच्या कामाचे मोल कळते. भूकंपात भिंत एका दिशेला आणि लगेच उलट दिशेला ढकलली जाते. त्यामुळे दोन खिडक्यांमधील भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या, फुलीसारख्या भेगा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी भेग, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यातील उभी भेग आणि छताखालची आडवी भेग यांचे अर्थ निरनिराळे असतात. गिलाव्यावरचा केसासारखा तडा आणि भिंतीच्या आरपार गेलेली भेग यांत फरक करण्यासाठी गिलावा खरवडून पाहावा लागतो. भिंत ओळंब्यात आहे की बाहेर झुकली आहे, हेही तपासावे लागते.

वाशिमसारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात हे काम अधिक अवघड होते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया खचून भूकंपाशिवायही भिंतींना तडे जातात. अशा जुन्या भेगेच्या कडा मळलेल्या, बोथट असतात. तिच्यात धूळ, रंग किंवा कोळ्याची जाळी आढळते. नव्या भेगेच्या कडा स्वच्छ व धारदार असतात. याच्या उलट, जुन्या भेगेची रुंदी हादऱ्यानंतर वाढलेली असू शकते आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. पंचनाम्याच्या घाईत हा भेद झाला नाही, तर नुकसानभरपाई चुकीच्या घराला मिळते आणि खऱ्या धोक्याचे घर तसेच राहते.

दगडमातीच्या घरांची तपासणी आणखी निराळी. धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड भिंती बाहेरून एकसंध दिसतात, पण आतून त्यांचे दोन पदर असतात आणि मध्ये माती व बारीक दगडांची भर असते. दोन्ही पदरांना जोडणारे लांब दगड नसतील, तर हादऱ्यात बाहेरचा पदर फुगतो. भेग एकही दिसत नसताना पोटाशी फुगलेली भिंत सर्वांत धोकादायक असू शकते.

अशा निरीक्षणांना एक समान मोजपट्टी लागते. मानक क्रमांक १८९३ मध्ये दीर्घकाळ समाविष्ट असलेल्या तीव्रता मापनात नुकसानीच्या पाच पायऱ्या होत्या. गिलाव्याचे बारीक तडे ही पहिली, भिंतींच्या लहान भेगा ही दुसरी, मोठ्या व खोल भेगा ही तिसरी, भिंतींना खिंडारे पडून इमारतीचा काही भाग कोसळणे ही चौथी आणि संपूर्ण इमारत जमीनदोस्त होणे ही पाचवी. दोन वेगवेगळ्या अभियंत्यांनी एकच घर पाहिले, तर दोघांनी एकच पायरी नोंदवावी, ही प्रशिक्षणाची खरी कसोटी असते. वापरण्यास योग्य कोणते, दुरुस्तीनंतर योग्य कोणते आणि पाडावेच लागेल असे कोणते, हा निर्णय त्यावर उभा असतो.

किल्लारीने विचारलेला प्रश्न

१९७१ ते १९७७ या काळात जयकृष्ण रुरकी विद्यापीठाचे कुलगुरू होते. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना १९६६ मध्ये मिळाला होता; पुढे पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. जानेवारी १९७७ मध्ये भूकंप अभियांत्रिकीची सहावी जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली आणि त्यानंतर १९८० पर्यंत ते या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग या संस्थेचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

मात्र त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या दशकाने या सर्व यशाची मर्यादाही दाखवून दिली. १९९१ मध्ये उत्तरकाशी, १९९७ मध्ये जबलपूर, १९९९ मध्ये चमोली आणि या सर्वांहून भीषण असा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. गणेश विसर्जनानंतरच्या त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. माणसे मेली ती दगडमातीच्या भिंती आणि छतावरील मातीच्या थरांखाली. अनेक घरांत लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती कोसळल्या.

ही घरे कोणत्याही अभियंत्याने आखलेली नव्हती. मानके होती, प्रबंध होते, रुरकीत शिकलेले तज्ज्ञ होते. पण ते ज्ञान गावच्या गवंड्यापर्यंत आणि तालुक्याच्या कनिष्ठ अभियंत्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. हा दोष एका व्यक्तीचा नव्हे. मानके प्रसिद्ध करून ती ऐच्छिक ठेवणाऱ्या आणि त्यांच्या अंमलबजावणीकडे काणाडोळा करणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता. जयकृष्ण यांनी उभारलेल्या परंपरेने या त्रुटीची दखल घेतली, हेही नमूद करावयास हवे. त्यांचे सहकारी डॉ. आनंद स्वरूप आर्य यांच्या पुढाकाराने अभियंत्याविना बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९८६ मध्ये निघाली. १९९३ मध्ये मातीच्या इमारती, कमकुवत दगड-विटांच्या इमारती आणि हादरलेल्या इमारतींची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठी स्वतंत्र भारतीय मानके आली.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साह्याने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्याने वसविण्यात आली आणि १३ जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे काम करण्यात आले. या कामासाठी घराघरांत जाऊन नुकसानीची प्रतवारी करावी लागली. महाराष्ट्रातील अभियंत्यांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर भेगांचा अभ्यास केला तो तेव्हाच, आणि त्यांतील बहुतेकांना हे शिक्षण भूकंपानंतर घ्यावे लागले.

मागे राहिलेले काम

डॉ. जयकृष्ण यांचे ऑगस्ट १९९९ मध्ये निधन झाले. त्यानंतर दीडच वर्षात, २६ जानेवारी २००१ रोजी भुजचा भूकंप झाला आणि तेरा हजारांहून अधिक बळी गेले. त्याच वर्षी रुरकी विद्यापीठाला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. त्यांची संस्था तेथे भूकंप अभियांत्रिकी विभाग म्हणून आजही चालू आहे. भुजनंतर केंद्र सरकारने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी आणि कार्यरत अभियंत्यांसाठी भूकंपविषयक प्रशिक्षणाचे राष्ट्रीय कार्यक्रम आखले. १९६० मध्ये एका विद्यापीठात सुरू झालेली गोष्ट राष्ट्रीय धोरणाचा भाग होण्यास चार दशके आणि हजारो मृत्यू लागले.

वाशिम जिल्हा २००२ च्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या दुसऱ्या विभागात मोडतो. कमी धोका म्हणजे धोका नाही असे नव्हे, हे कोयना आणि किल्लारी या दोन्ही नावांनी महाराष्ट्राला सांगितले आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशिम या तालुक्यांत जुने वाडे, धाब्याची घरे आणि काळ्या मातीवर उभ्या असलेल्या शाळा यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या भिंतींची आजची स्थिती, आजच्या भेगा आणि त्यांची रुंदी शांततेच्या काळातच नोंदवून ठेवली, तर उद्याच्या हादऱ्यानंतर नवे काय आणि जुने काय हे तासाभरात ठरविता येईल. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. टॉर्च, ओळंबा, मोजपट्टी, नोंदवही आणि शिकलेली नजर एवढे पुरते. यांतील पहिल्या चार वस्तू बाजारात मिळतात. पाचवी मात्र घडवावी लागते आणि ती भूकंपाच्या आधीच घडवावी लागते. जयकृष्ण यांनी आयुष्यभर केले ते हेच.